चाळिशीतच हलणारे दात: मजुरी, मशेरी आणि उशीर

बीड जिल्ह्यातील एका तरुण शिक्षकांनी विचारले आहे की त्यांच्या आईचे वय 48 असून तिचे खालचे पुढचे चार दात हलतात, सकाळी तोंड धुताना रक्त येते आणि गेली तीन वर्षे मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. लग्नानंतरची दहा-बारा वर्षे ती ऊसतोडीला जात असे आणि मशेरीची सवय तेव्हापासूनची आहे. तिची सख्खी थोरली बहीण पुण्यात राहते आणि तिचे मात्र सगळे दात शाबूत आहेत. हा गावच्या पाण्याचा दोष, आनुवंशिकतेचा भाग की निष्काळजीपणा, आणि गरिबीशी याचा खरोखर काही संबंध आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे. हिरड्यांच्या आजारांवर उपचार करण्यात मी सत्तावीस वर्षे घालवली आहेत, त्यांपैकी बरीचशी मराठवाड्यात, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा वेगवेगळ्या तोंडून ऐकू आला आहे की त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे योग्य वाटते.

पाण्याचे प्रथम सांगून टाकतो. क्षाराच्या पाण्याने दातांवर किटण चढते ही समजूत सर्वदूर आहे, परंतु किटण हे पिण्याच्या पाण्यातून येत नाही. दातांवर सतत साचणारा जो मऊ, चिकट, पांढरट थर असतो, तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे कडक होतो आणि त्याचेच किटण बनते. खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस लाळग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून तेथे किटण सर्वांत आधी आणि सर्वांत जाड दिसते. आपल्या आईचे नेमके तेच दात हलत आहेत, हा योगायोग नव्हे.

या चिकट थरातील जिवाणूंमुळे हिरडी सुजते, ही गोष्ट 1965 मध्ये डेन्मार्कमधील आरहूस येथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या रीतीने दाखवून दिली. निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासणे सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे पहिली पायरी पूर्ण परतीची असते. पुढची पायरी तशी नसते. सूज वर्षानुवर्षे राहिली आणि शरीराची घडण तशी असली, तर हिरडी आणि दात यांच्यामधील फट खोल होत जाते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते, आणि एकदा झिजलेले हाड बहुतांशी परत येत नाही. यालाच आपल्याकडे सर्वसाधारणपणे पायरिया म्हणतात.

आता आनुवंशिकतेविषयी. याच लोए यांच्या गटाने 1970 ते 1985 या काळात श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील 480 पुरुष कामगारांचा मागोवा घेतला. हे सर्वजण सारखेच गरीब होते, ब्रश वापरत नव्हते, आणि दातांच्या डॉक्टरांचे तोंडही त्यांनी पाहिलेले नव्हते. तरीही त्यांच्यापैकी सुमारे 11 टक्के लोकांमध्ये आजार हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेला नाही, सुमारे 8 टक्के लोकांचे दात झपाट्याने सैल झाले, आणि उरलेल्या सुमारे 81 टक्के लोकांमध्ये हाडाची झीज मध्यम गतीने होत राहिली. शरीराच्या घडणीचा वाटा आहे, हे यावरून स्पष्ट होते. परंतु मला यातला तो मधला मोठा समूह अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बहुसंख्य माणसे त्यात मोडतात आणि त्यांचे दात राहतात की जातात हे सफाई, तंबाखू, साखरेचा आजार आणि वेळेवर मिळणारे उपचार यांवर ठरते. या चारही गोष्टी पैशाशी आणि समाजातील स्थानाशी बांधलेल्या आहेत. आपली आई आणि आपली मावशी एका घरात वाढल्या आणि त्यांचे रक्तही एक आहे. फरक पडला तो लग्नानंतरच्या तीस वर्षांत.

या आजाराचा एक गुणधर्म असा आहे की तो दुखत नाही. कीड लागलेली दाढ रात्रभर जागवते, माणूस गाल धरून दवाखान्यात येतो. हिरडीचा आजार मात्र दहा-पंधरा वर्षे मुकाट्याने हाड खात राहतो, अधूनमधून रक्त येते, तोंडाला वास येतो, दोन दातांत फट पडते आणि त्यात भाकरीचा कण अडकतो, एवढीच त्याची खूण असते. जो माणूस दुखण्याआधी डॉक्टरकडे जाऊ शकतो त्याला हा आजार आटोक्यात ठेवता येतो, आणि ज्याला केवळ दुखले तरच डॉक्टरकडे जाणे परवडते त्याला तो हमखास गाठतो. गरिबी आणि हिरड्या यांच्यातील संबंध मला विचाराल तर मुख्यतः येथे आहे, आणि म्हणूनच निष्काळजीपणा हा शब्द मला येथे अन्यायाचा वाटतो.

हिशेब करून पाहा. 2025-26 मध्ये महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात किटण काढण्यास पाचशे ते पंधराशे रुपये लागतात, आणि आजार खोलवर गेला असेल तर हिरडीखालची सफाई दोन ते चार बैठकांत करावी लागते, जिचा खर्च काही हजारांत जातो. प्रत्येक बैठकीला एक खाडा, एस.टी.चे भाडे, बहुधा सोबत येणाऱ्या माणसाचाही खाडा. त्याच्या तुलनेत दात काढून टाकणे तीन-चारशे रुपयांत आणि एका फेरीत होते. दात वाचवणे महाग आणि काढणे स्वस्त असल्यावर, हातावर पोट असलेला माणूस काढणेच निवडतो आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. या निवडीचा खर्च पुढे येतो. पाच-सात दात गेले की उरलेल्यांवर ताण वाढतो, शेवटी कवळी लागते, तिचे दहा-पंधरा हजार रुपये जमत नाहीत, आणि पन्नाशीतील माणूस भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाऊ लागतो, शेंगदाणे, काकडी, हरभरे हे सगळे त्याच्या ताटातून निघून जाते.

बायकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. घरात औषधपाण्यावर खर्च करण्याचा एक न लिहिलेला क्रम असतो. आधी मुले, मग कमावता पुरुष, मग सासू-सासरे, आणि सून शेवटी. गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या अधिक सुजतात आणि रक्त येते. तेव्हा किटण काढून घेतले तर पुष्कळ फायदा होतो, आणि मधले तीन महिने त्यासाठी अगदी सोयीचे असतात. प्रत्यक्षात तिला सांगितले जाते की बाळ दातांतले कॅल्शियम ओढून घेते म्हणून दात कमकुवत होतात. ही समजूत खोटी आहे, दातातील कॅल्शियम असे बाहेर ओढले जात नाही. पण तिचा परिणाम असा होतो की बाई हिरड्यांतील रक्त बाळंतपणाचा भाग समजून सोडून देते.

मशेरीविषयी मी अधिक सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या आईच्या हिरड्यांत तिचा मोठा हात आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. भाजताना जो खकाणा उठतो त्याने घरातील लेकरे खोकतात, शेजारच्या घरापर्यंत वास जातो. सुरुवात बहुतेक वेळा दात दुखण्याने होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची दाढ दुखते, आई किंवा आजी डबीतली चिमूटभर मशेरी लावायला सांगते, निकोटीनने घटकाभर बधिरपणा येतो, आणि औषध म्हणून आलेली वस्तू सवय होऊन राहते. पुढे ती दात घासण्यापुरती उरत नाही. पहाटे चूल पेटवताना एकदा, दुपारी काम उरकल्यावर एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा, असे दिवसातून चार-पाच वेळा बोट हिरडीवर फिरते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके धरते, हातपाय चालत नाहीत, असे बायका सांगतात, आणि ते खरेच असते, कारण शरीराला निकोटीनची गरज लागलेली असते. भूकही तिने मरते. ज्या घरात सर्वांत शेवटी उरलेसुरले खायचे असते, त्या घरात भूक मारणारी चिमूट किती उपयोगाची वाटत असेल याचा विचार केल्याशिवाय ही सवय समजणार नाही.

सामाजिक बाजू अशी की बाईने विडी ओढली तर गाव नावे ठेवते, पण मशेरीची डबी चहा-साखरेच्या डब्यांशेजारी फळीवर उघडपणे असते. तिला कोणी व्यसन म्हणत नाही, दातवण म्हणतात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यांतील फार मोठा भाग धूम्रविरहित, म्हणजे न ओढता तोंडात वापरायच्या तंबाखूचा होता, एकूण प्रौढांपैकी 24.4 टक्के. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर 1992 पासून देशात बंदी आहे, गुटख्यावर राज्याने 2012 मध्ये बंदी घातली, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत यांतील कोणताही कायदा पोहोचत नाही, आणि मला वाटते पोहोचणारही नाही. तेथे घरात जाणारे माणूसच लागते.

हिरडीवर तिचा परिणाम दोन प्रकारे होतो. रोज घासल्याने आणि तंबाखूच्या संपर्काने हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात, गार पाणी लागले की कळ येते, आणि कळ थांबावी म्हणून पुन्हा मशेरीच लावली जाते. दुसरे म्हणजे ज्या बोटाने मशेरी लावायची त्याच बोटाने दात घासले गेले, असे मन मानते. प्रत्यक्षात बोट दातांच्या फटींत जात नाही, चिकट थर जागेवरच राहतो. हिरड्यांपुरताच हा प्रश्न असता तरी पुरे होता, पण त्याच सवयीने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि मुंबईतील गर्भवतींच्या एका अभ्यासात, जो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, धूम्रविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी सुमारे 100 ग्रॅमने कमी वजनाची आढळली.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्याकडे एक बाई आल्या. वय पस्तिशीचे, ऊसतोडीचा हंगाम संपवून नुकत्याच परतलेल्या. पदर तोंडावर धरूनच बोलत होत्या, आणि खुर्चीवर बसल्यावरही तो सोडवेना. वरचे पुढचे दोन दात पुढे येऊन त्यांच्यात बोटभर फट पडली होती, हिरडीतून पू येत होता. किती दिवसांपासून, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, धाकटा पोटात होता तेव्हापासून. धाकटा अकरा वर्षांचा होता. या अकरा वर्षांत त्या दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास नवऱ्यासोबत कारखान्याच्या भागात जात होत्या. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने एकेक कोयता महत्त्वाचा, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. पहाटे चारला फड, रात्री गाडी भरणे, पालाच्या कोप्या, प्यायचे पाणी लांबून आणायचे. अशा ठिकाणी दोन वेळा दात घासा हा माझा सल्ला किती तोकडा आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले. गावी परतल्यावर मिळणारे पाच-सहा महिने हेच त्यांच्या उपचाराचे दिवस, आणि त्यांतही पेरणी असते, लग्ने असतात.

आपल्या आईच्या मधुमेहाकडे यावे लागेल, कारण ते दोन्ही बाजूंनी चालणारे प्रकरण आहे. रक्तातील साखर चढी राहिली तर हिरड्यांचा आजार लवकर वाढतो आणि भरून येण्यास वेळ लागतो. उलट, हिरड्यांतील जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, सुमारे 0.4 ने खाली येतो, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले आहे. एखादी गोळी वाढवल्याने मिळावा असा हा फायदा आहे. तरीही सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णाला डोळे आणि पाय तपासायला सांगितले जाते, पण तोंड उघडून दाखवा असे क्वचितच कोणी म्हणते. वैद्यकीय शिक्षणात तोंड हा शरीराचा वेगळा, दुसऱ्या कोणाचा तरी भाग मानला गेला, त्याची किंमत गरीब रुग्ण मोजतो आहे. श्रीमंत रुग्णाचे दोन डॉक्टर असतात, त्यामुळे त्याला हा तुटकपणा जाणवत नाही.

व्यवस्थेची रचनाही याच धाटणीची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी दंतचिकित्सक नसतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पद असते, पण किटण काढण्याचे यंत्र बंद पडले की महिनोन्महिने दुरुस्त होत नाही आणि मग डॉक्टर तेवढे दात काढत बसतात. अशा एका रुग्णालयात मी दोन वर्षे काम केले आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. देशात दंत महाविद्यालये तीनशेहून अधिक आहेत, तरी दवाखाने शहरांत एकवटले आहेत. 2014-15 मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्याने काही ठिकाणी दातांच्या उपचाराच्या खुर्च्या आल्या. विम्याचे म्हणाल तर सरकारी आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत, आणि खासगी मेडिक्लेमही अपघात वगळता दातांचा नेहमीचा खर्च देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे. इतक्या पसरलेल्या आजाराचा पहिला उपचार जवळपास सर्वत्र रुग्णाच्या खिशातून होतो.

आम्हा डॉक्टरांची वागणूक हाही एक सामाजिक घटकच आहे. तोंड उघडल्याबरोबर किती घाण करून ठेवले आहे असे म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि सुरुवातीच्या काळात मीही रागावत असे. त्याने सुधारणा होत नाही, माणूस परत येत नाही एवढेच होते. दुसरी गोष्ट, किटण काढले की दात हलतात ही समजूत. तिला आपण अडाणीपणा म्हणतो, पण तिच्यामागे अनुभव आहे. हाड गेलेल्या जागी किटणाच्या थरानेच दात एकमेकांना चिकटून राहिलेले असतात. ते निघाले की फटी दिसतात, सूज उतरल्याने हिरडी खाली गेल्यासारखी वाटते, पाणी लागते, दात काही दिवस अधिक हलतो. हे आधी दोन मिनिटे बसून सांगितले नाही तर ती बाई गल्लीतल्या दहा जणींना सांगते, आणि त्या दहाजणी दात काढण्यापुरत्याच आमच्याकडे येतात.

आता आपल्या आईसाठी. हलणारे चारही दात लगेच काढून घेऊ नका. प्रथम एक्स-रे काढून हाड किती उरले आहे ते पाहू द्या. निम्म्याच्या आसपास हाड शिल्लक असेल तर किटण आणि हिरडीखालची सफाई करून असे दात मागच्या बाजूने तारेने एकत्र बांधता येतात आणि पुष्कळ वर्षे टिकतात. खासगीत जमणार नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हे उपचार अल्प शुल्कात होतात. सकाळी लवकर पोहोचावे, नोंदणीला वेळ लागतो, आणि मधुमेहाचे कागद व ताजा साखरेचा रिपोर्ट सोबत न्यावा. पहिल्या फेरीतच पुढच्या बैठकांच्या तारखा एकाच आठवड्यात लागोपाठ मागून घ्याव्यात. बाहेरगावचे आहोत असे सांगितल्यास बहुतेक विभाग ते मान्य करतात आणि एस.टी.च्या दोन फेऱ्या वाचतात.

घरी मऊ ब्रश पुरेसा आहे, महागडी पेस्ट नको. सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्ट आणि ब्रशवरील जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे साधी फ्लोराइडची पेस्ट आता थोडी अधिक परवडेल. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे. फटी मोठ्या असतील तर फटींत घालायचा छोटा ब्रश मागून घ्यावा, तो धुऊन काही आठवडे वापरता येतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरे वाटते, किटण निघत नाही. मशेरी एकदम सोडा म्हटल्यास तिचे डोके धरेल, चिडचिड होईल आणि दोन दिवसांत डबी पुन्हा उघडेल. दिवसातल्या फेऱ्या मोजून आधी दुपारची, मग रात्रीची बंद करावी आणि पहाटेची शेवटी. त्या वेळेला तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवल्याचा माझ्या अनेक रुग्णांना उपयोग झाला आहे. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत आहे. मशेरी सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त थोडे वाढलेले दिसू शकते, कारण निकोटीनने आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. ते पाहून सोडल्याने बिघडले असे तिने समजू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

आपण शाळेत शिकवता, तर एक विनंती आहे. सहावी-सातवीच्या मुलींना दाढ दुखली की घरी काय लावतात, हे एकदा विचारा. मशेरीची डबी त्याच वयात हातात येते, आणि कीड लागलेली ती एक दाढ वेळेवर भरून घेतली तर बहुतेक वेळा डबीची गरजच पडत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुली हंगामात शाळेतून गेलेल्या असतात, म्हणून हे काम जून-जुलैत, त्या गावात असतानाच करावे लागेल.